रजेसाठीचे वैद्यकीय प्रमाणपत्र : आशय आणि मर्यादा

आजारपणाच्या रजेसाठी सादर करावयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र ही कार्यालयीन औपचारिकता मानली जात असली, तरी त्याचे स्वरूप पुराव्याचे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, रुग्णाची स्वाक्षरी अथवा अंगठ्याचा ठसा, पत्ता व किमान एक ओळखचिन्ह असावे लागते. प्रत डॉक्टरांनी जपावयाची असते. विनियमांतील नमुन्यात आजाराचे नाव, रजेचा आवश्यक कालावधी व आरंभदिनांक हा आशय अपेक्षित आहे. तपासणी-अहवाल वा औषधयोजना यांना त्यात स्थान नाही. तरीही काही आस्थापना ते मागतात. क्षयरोग वा मानसिक विकार असल्यास आजाराचे नाव उघड करणेही कर्मचाऱ्यास जड जाते. रुग्णाची गुपिते सांभाळण्यास हेच विनियम डॉक्टरांना बांधतात. प्रमाणपत्र हाताळणाऱ्या लिपिकावर मात्र त्यांचे बंधन नाही.