नॅनोनळीत सीट कोणाची?

नॅनो म्हटलं की अजूनही तो छोटुकला आयपॉड नाहीतर टाटांची कार आठवते ना? दोन्ही इतिहासजमा झाले, बॉस! लॅबमधला नॅनो मात्र जोरात आहे. मी मास कॉमवाली, केमिस्ट्रीशी बारावीनंतर बोलणं बंद. पण या नळ्यांच्या प्रेमात पडले.

पावडरची सुरळीची वडी

टायटॅनियम डायऑक्साइड तुमच्या रोजच्या ओळखीचा. भिंतीचा पांढरा रंग, सनस्क्रीन... सगळीकडे तोच. १९९८ मध्ये जपानच्या कासुगा आणि सहकाऱ्यांनी ही पावडर कॉस्टिक सोड्याच्या जहाल द्रावणात ११० अंश सेल्सिअसला २० तास ठेवली, मग ॲसिड आणि पाण्याने धुतली. हाती आल्या नळ्या! जाडी साधारण ८ नॅनोमीटर, लांबी १००. आपला केस असतो ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास.

सोड्यात पावडरीचे पापुद्रे सुटतात आणि सुरळीच्या वडीसारखे गुंडाळले जातात. नळी नेमकी सोड्यात वळते की ॲसिडने धुताना, यावर संशोधकांची बरीच वर्षं जुंपली होती.

दादरला उठणार का?

खरी गंमत पुढे आहे. वडीच्या थरांमध्ये सोडियमचे आयन बसलेले असतात, पण सैलसर. ॲसिडने धुतलं की सोडियम उठतो, हायड्रोजन बसतो. लोकलच्या सीटसारखं! माणसं बदलतात, डबा तोच. हेच आयन एक्स्चेंज. सोसायटीच्या वॉटर सॉफ्टनरमध्ये मिठाची पोती रिकामी होतात, तिथेही हाच फंडा. जड पाण्यातला कॅल्शियम आत, सोडियम बाहेर.

सीटवर कोण बसलंय, यावर नळीचं करिअर ठरतं. हायड्रोजन बसवून ४००-५०० अंशांपर्यंत तापवली, तर प्रकाशात घाण मोडणारा टायटॅनियम डायऑक्साइड पुन्हा मिळतो, पण आता नळीच्या रूपात. जास्त तापवली की नळी कोसळते. लिथियम बसवला, तर बॅटरीच्या इलेक्ट्रोडचा रस्ता उघडतो. सोडियमवाली तशीच ठेवली, तर ती पाण्यातलं शिसं पकडते. शिशाच्या आयनवर दुप्पट भार असतो, म्हणून त्या एकासाठी दोन सोडियम उठतात.

मग घरी कधी?

इथे जरा ब्रेक! शिसं नळीत बसलं म्हणजे नाहीसं झालं नाही. भरलेल्या नळ्या पाण्यातून गाळून काढायच्या, ॲसिडने धुऊन पुन्हा वापरायच्या आणि त्या धुणाचीही विल्हेवाट लावायची. शिवाय इतके बारीक कण आपल्याच ग्लासात उतरले तर? लॅबमधल्या चमचाभर पावडरीपेक्षा हा हिशेब मोठा आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'नॅनो' लेबल लावलेला फिल्टर विकायला आला, तर स्माइल देऊन तीनच प्रश्न विचारा. आत काय अडकतं? बदल्यात पाण्यात काय सुटतं? आणि भरलेल्या फिल्टरचं करायचं काय? उत्तरं आली नाहीत, तर पाकीट खिशातच राहू द्या!