लॅपटॉप भारित होताना का तापतो?

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगड शहरात जानेवारी महिन्यात दाट धुके व बोचरी थंडी असते. मे-जूनमध्ये मात्र पारा 40 अंश सेल्सिअसच्याही पलीकडे जातो. 1951 पासून या नगरीची रचना करताना ल कॉर्ब्युझिए व त्यांच्या सहकाऱ्यांना या उन्हाचा विचार करावाच लागला. सचिवालय व उच्च न्यायालय यांच्या दर्शनी भागी दिसणारे काँक्रीटचे खोल सूर्यरोधक हे त्या विचाराचेच फळ होय.

याच शहरातील एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत उन्हाळ्यात निराळाच अनुभव येतो. जो लॅपटॉप थंडीत विनातक्रार चालत होता, तो जूनच्या दुपारी चार्जिंगला लावताच तापू लागतो. पंखा घोंघावतो, कामाचा वेग मंदावतो आणि कधी कधी बॅटरी भरणे मध्येच थांबते. ऐन परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्याला वाटते, यंत्र बिघडले. बहुधा ते बिघडलेले नसते. मग असे का व्हावे?

उष्णता कोठे उत्पन्न होते?

लॅपटॉप चार्ज होत असताना तीन ठिकाणी उष्णता निर्माण होते. पहिले ठिकाण म्हणजे चार्जर. भिंतीतील 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तो सुमारे 20 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलतो. या रूपांतरात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून चार्जर कोमट लागणे स्वाभाविक आहे.

दुसरे ठिकाण बॅटरी. तिच्यातील लिथियमचे आयन चार्जिंगच्या वेळी धनाग्राकडून ग्रॅफाइटच्या ऋणाग्राकडे जातात. घटाच्या अंतर्गत रोधामुळे येथेही उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडला. प्रवाह दुप्पट केला, तर दर सेकंदास निर्माण होणारी उष्णता चौपट होते. त्वरित चार्जिंगमध्ये बॅटरी अधिक का तापते, याचे उत्तर या नियमात आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे गणन करणारा प्रोसेसर. चित्रफीत संपादन वा खेळ यांसारखे अवजड काम चालू असेल, तर त्याची उष्णता त्याच पातळ पेटीतून शेजारच्या बॅटरीपर्यंत पोहोचते.

ती बाहेर कशी जाते?

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांपर्यंत येते व पंखा ती हवेत सोडतो. बॅटरीला बहुधा असा स्वतंत्र मार्ग नसतो. तिची उष्णता पेटीच्या पृष्ठभागातूनच हळूहळू बाहेर पडते. परंतु उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, आणि तिचा ओघ स्थूलमानाने त्या दोन तापमानांतील अंतराच्या प्रमाणात असतो.

लिथियम-आयन घट चार्ज करण्याची कमाल मर्यादा सामान्यतः 45 अंश मानली जाते. खोलीचे तापमान 25 अंश असेल, तर बॅटरी या मर्यादेला पोहोचली तरी तिच्यात व हवेत 20 अंशांचे अंतर उरते. खोली 40 अंशांची झाली की तेच अंतर अवघे 5 अंश राहते, म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचा वेग सुमारे एकचतुर्थांश होतो. मर्यादा ओलांडण्यापूर्वी नियंत्रक मंडल प्रवाह कमी करते अथवा थांबवते. मध्येच थांबलेले चार्जिंग म्हणजे बहुधा यंत्राने स्वतःचे केलेले रक्षणच होय.

काय करावे?

प्रथम उष्णतेची उत्पत्ती कमी करावी. चार्जिंग चालू असताना अवजड कामे टाळावीत. शक्य असल्यास चार्जिंग सकाळच्या गारव्यात करावे. पूर्ण 100 टक्के भरलेली बॅटरी उष्णतेत दीर्घकाळ राहिल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्यास ती वापरावी. चार्जर त्याच यंत्रासाठी नेमलेला असावा.

नंतर उष्णतेची वाट मोकळी करावी. गादी, उशी वा रजई यांवर लॅपटॉप ठेवल्यास खालची छिद्रे बुजतात. कापूस उष्णतेचा दुर्वाहक असल्याने ती आत कोंडते. कठीण, सपाट टेबल हेच योग्य स्थान. छिद्रांत साचलेली धूळ वेळोवेळी काढवून घ्यावी. मात्र तापलेले यंत्र शीतकपाटात कदापि ठेवू नये; आत दव साचून मंडलांची हानी होते.

धोक्याची खूण

बॅटरी फुगली, झाकण नीट मिटेनासे झाले, खालचा पत्रा उचलला गेला अथवा उग्र वास आला, तर मात्र उपेक्षा करू नये. अतितापाने घटातील द्रवाचे विघटन होऊन आत वायू साचलेला असतो. अशी बॅटरी दाबली वा टोचली गेल्यास आत लघुमंडल होऊन आग लागू शकते. चार्जर तात्काळ काढावा, यंत्र बंद करावे व ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवावे. बॅटरी जाणत्या दुरुस्तीकाराकडूनच बदलून घ्यावी; जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.