भूमध्य समुद्राकाठी (भाग 7) : ग्रीसची बेटे किती उंच?

होमरच्या ‘इलियड’मध्ये समुद्रदेव पोसायडन सॅमोथ्रेस बेटाच्या शिखरावर बसून ट्रॉयची लढाई पाहतो. नकाशा उघडला की हे अशक्य वाटते, कारण ट्रॉयचा किनारा आणि सॅमोथ्रेस यांच्यामध्ये इम्ब्रोस नावाचे दुसरे बेट आडवे पडले आहे. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर किंग्लेक या इंग्रज प्रवाशाला हीच शंका छळत होती. तो ट्रॉयच्या भूमीवर जाऊन उभा राहिला, तेव्हा इम्ब्रोसच्या माथ्यावरून, मागच्या बाजूला, सॅमोथ्रेसचा डोंगर त्याला दिसला. इम्ब्रोसची उंची 700 मीटरच्या आत आहे. सॅमोथ्रेसचा फेंगारी 1611 मीटर उंच आहे. आपले कळसूबाई त्याहून अवघे 35 मीटरने उंच, पण कळसूबाईला सह्याद्रीच्या उंच भूमीचा आधार आहे आणि फेंगारी थेट समुद्रातून उठतो. पोसायडनची ती बैठक रचणाऱ्याने हा देखावा डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. सपाट नकाशा जे लपवतो, ते उंची दाखवते.

मागच्या भागात आपण ग्रीसच्या मुख्य भूमीवरचे डोंगर पाहिले. देशाचा सुमारे 80 टक्के भाग डोंगराळ, मधोमध पिंडसची रांग, आणि समुद्रापासून वीस किलोमीटरही दूर नसलेला 2918 मीटरचा ऑलिंपस. आता बेटांकडे वळू. मुख्य भूमीवर डोंगर संपतात आणि मग बेटे सुरू होतात, अशी आपली समजूत असते. खरे तर डोंगर संपतच नाहीत, ते पाण्याखाली जातात. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा सायक्लेड्स समूहातली नाक्सोस, पारोस यांसारखी कित्येक बेटे मिळून एकच मोठी भूमी होती. बर्फ वितळले, पाणी चढले, दऱ्या आणि मैदाने बुडाली, माथे तेवढे उरले. या समूहातले सर्वांत उंच शिखर, नाक्सोसवरचे झास, आज जेमतेम 1000 मीटर भरते.

पण सायक्लेड्स इतकी ठेंगणी आणि दक्षिणेचे क्रीट इतके उंच, हे कशामुळे? उत्तर जमिनीखाली आहे. आफ्रिकेचा भूपट्ट क्रीटच्या दक्षिणेला एजियन भूपट्टाखाली घुसतो आहे. दोन्ही भूपट्ट वर्षाला साधारण साडेतीन सेंटिमीटर वेगाने एकमेकांकडे येतात, आणि यातली बरीचशी हालचाल आफ्रिकेची नसून एजियनची आहे. तोच दक्षिणेकडे ओढला जातो. त्यामुळे मधल्या एजियन समुद्राचा तळ ताणला जाऊन पातळ झाला आणि खचला, तर दक्षिणेची कड वर उचलली गेली. ती उचललेली कड म्हणजे क्रीट.

लांबी 260 किलोमीटर, आणि रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी फक्त 12. एवढ्याशा पट्टीवर तीन पर्वत दोन हजार मीटरच्या वर जातात. पूर्वेला दिक्ती, मध्ये 2456 मीटरचा प्सिलोरीटिस, आणि पश्चिमेला लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. लेफ्का ओरीचे सर्वोच्च शिखर पाख्नेस 2453 मीटरचे. बेटावरचा पहिला मान फक्त तीन मीटरने हुकला. हे डोंगर चुनखडकाचे आहेत. पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकाच्या भेगांतून आत मुरतो, त्यामुळे माथे रखरखीत आणि पायथ्याला झरे. याच डोंगरात गुर्गुथाकास ही 1200 मीटरहून खोल गुहा आहे. सामारियाची प्रसिद्ध घळई सुमारे 1200 मीटर उंचीवर सुरू होते आणि लिबियन समुद्राच्या काठी संपते. तिच्या सर्वांत चिंचोळ्या जागी तीनेकशे मीटरच्या कड्यांमध्ये जेमतेम चार मीटर वाट उरते.

क्रीटच्या इतिहासातही हे डोंगर ठायी ठायी आहेत. एप्रिल 1944 मध्ये जर्मन सेनापती क्राइपे याचे नोसोसजवळ अपहरण झाले. ब्रिटिश अधिकारी आणि क्रीटचे लढवय्ये त्याला घेऊन प्सिलोरीटिस ओलांडून गेले आणि मे महिन्याच्या मध्यावर त्याला दक्षिण किनाऱ्यावरून बोटीत चढवले. मागावरचे सैन्य मोठे होते, पण वाटा मेंढपाळांना ठाऊक होत्या.

क्रीट आजही वर येते आहे. रोज थोडे थोडे नव्हे, कधी कधी एका झटक्यात. 21 जुलै 365 या दिवशी झालेल्या भूकंपाने बेटाचा पश्चिम किनारा काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत उचलला आणि त्सुनामीच्या लाटांनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला झोडपले. पश्चिम टोकाला फालासार्ना हे प्राचीन बंदर आहे. त्याचा धक्का, त्याच्या भिंती आज कोरड्या जमिनीवर उभ्या आहेत. समुद्र खाली राहिला. थॉमस स्प्रॅट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1850 च्या दशकात क्रीटच्या किनाऱ्याची मोजणी करताना खडकांवरच्या जुन्या लाटांच्या खुणा ओळखल्या आणि हा किनारा वर उचलला गेला आहे, असे नोंदवले. भूपट्टांचा सिद्धान्त तेव्हा शतकभर दूर होता. केवळ नीट पाहून त्याने हे ओळखले, म्हणून मला तो माणूस फार मोठा वाटतो. बेटाच्या पूर्वेला मात्र ओलूस या प्राचीन नगराचे अवशेष पाण्याखाली आहेत.

सांतोरिनीची गोष्ट निराळी. तिथली चंद्रकोरीसारखी कड आणि तीनशे मीटरचे कडे ज्वालामुखीने घडवले. तरीही बेटाचे सर्वोच्च ठिकाण, 567 मीटरचे प्रोफितिस इलियास, ज्वालामुखीचे नाही. ते जुन्या चुनखडकाचे आणि संगमरवराचे शिखर आहे. ज्वालामुखी त्याला चिकटून नंतर वाढला.

उंचीवर पाणी ठरते आणि पाण्यावर वस्ती. हिवाळी पाऊस पश्चिमेकडून येतो आणि पिंडसला अडतो, म्हणून पश्चिमेच्या कॉर्फूत 1000 मिलिमीटरच्या वर पडतो, तर अथेन्समध्ये साधारण 400. ठेंगण्या सायक्लेड्सच्या वाट्याला त्याच्या आसपासच येतो. सॅमोथ्रेसच्या उतारांवर मात्र उन्हाळ्यातही ओढे वाहतात.

ग्रीसमधला सर्वांत मोठा उतार ऑलिंपसवर नाही. पेलोपोनीजमधल्या 2404 मीटरच्या ताइगेटसपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पायलोसच्या नैर्ऋत्येला, कॅलिप्सो ही भूमध्य समुद्रातली सर्वांत खोल गर्ता आहे. तिची खोली 5100 मीटरहून अधिक. शिखर आणि तळ यांत साडेसात हजार मीटरहून जास्त फरक. वाचकांना विनंती, की ग्रीसचा नकाशा पाहाल तेव्हा समुद्राची खोली रंगांनी दाखवणारा नकाशाच घ्या. पुढच्या आठवड्यात दरवर्षी रुंद होत चाललेल्या कोरिंथच्या आखाताकडे जाऊ.