विळ्याच्या पात्यावरचं तांबं

गोडी छाटणी उरकली आणि ढगाळ हवा धरली की नारायणगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागाईतदाराला एकच धास्ती लागते, डाऊनीची. पानामागची पांढरी बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत कोवळे घड हातचे गेलेले असतात. त्यावरचा जुना इलाज बोर्डो. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकत्र ओतायचं आणि पंपात भरण्याआधी त्यात विळा बुडवून बघायचा.

बागेतली ही साधी रीत म्हणजे धातूच्या आयनाची चोख परीक्षा आहे. मोरचूद पाण्यात विरघळलं की तांब्याचे आयन सुटे होतात. चुना त्यांना बांधून निळा साका करतो. पण चुना हवा लागून मेलेला असेल, तर काटा बरोबर असूनही तो कमी पडतो आणि थोडं तांबं सुटंच राहतं. तेच कोवळी पानं जाळतं. अशा पाण्यात विळा मिनिटभर धरला की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, तांबं त्याची जागा घेतं आणि पात्यावर लालसर पुट चढतं. पुट दिसलं की आणखी चुन्याची निवळी घालायची. मोरचूद लोखंडी पिंपात भिजवत नाहीत, तेही याच कारणानं. विळा मात्र साध्या लोखंडाचा, दगडावर घासून लखलखीत केलेला हवा. गंजक्या पात्यावर तांबं कुठलं आणि गंज कुठला, कळत नाही. स्टीलची सुरी तर नकोच.

या औषधाचा जन्मही मजेशीर. फ्रान्सच्या बोर्दो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की नेमक्या त्याच वेली डाऊनीतून वाचल्यात. बटाट्याच्या करप्यावरही मग तांबं चालू लागलं. आंबेगावातल्या सातगाव पठाराच्या बटाटेवाल्यांना ते सांगायला नको.

बारावीच्या प्रॅक्टिकलला ‘सॉल्ट’ ओळखताना मुलं हेच तांबं दुसऱ्या वाटेनं पकडतात. द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला की आधी फिकट निळा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून गडद निळं पाणी होतं. मोरचुदात हिराकसाची भेसळ असेल, तर लोखंडाचा मळकट साका मात्र तळाशी तसाच राहतो. पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब याहून तिखट. बोर्डोची वरची निवळी गाळून त्यात तो टाकला आणि तपकिरी-लाल रंग आला, की तांबं सुटं आहे. विळ्याला न दिसणारं थोडंसं तांबंही हा थेंब दाखवतो. यातलं निम्मं मुलं घोकून पाठ करतात आणि घरच्या बागेत चाललेली तीच परीक्षा त्यांना कुणी दाखवत नाही, याचं मला नवल वाटतं.

झिंक सल्फेटच्या पिशवीलाही अशी परीक्षा लागते. त्यात स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळण्याची खोड जुनी. दोन्ही पांढरे खडे, नजरेला फरक कळत नाही. द्रावणात पातळ कॉस्टिक सोडा घातला की मांडासारखा पांढरा साका येतो. मग दाट कॉस्टिक घातलं की जस्ताचा साका विरघळून जातो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. कॉस्टिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

या परीक्षा काय आहे ते सांगतात, किती आहे ते नाही. जस्त नेमकं किती टक्के, हे कळायला नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. विळाही एकाच बाजूचं सांगतो. पातं कोरं निघालं म्हणजे चुना कमी पडलेला नाही, एवढंच. जास्त झाला असेल तर ते पीएच कागदावर बघावं लागतं, आणि मिश्रण केलं त्याच दिवशी फवारून संपवावं लागतं.