उतार तोच, नशीब निराळे

जर्मनीच्या पश्चिम भागात ट्रिअर शहर मागे टाकल्यावर मोझेल नदी डोंगरांतून वळसे घेत पुढे जाते. अशाच एका मोठ्या वळणाच्या बाहेरच्या काठाला पीसपोर्ट हे छोटे गाव आहे. गावाच्या पाठीशी अर्धवर्तुळात डोंगर उभा आहे आणि तो पायथ्यापासून वरपर्यंत द्राक्षवेलींनी भरलेला आहे. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचे नाव ‘गोल्डट्रॉप्फशेन’, म्हणजे सोन्याचे थेंब. इथली वाइन इतकी चांगली का, असे विचारले की बहुतेकदा एकच उत्तर मिळते: ही त्या मातीची किमया. हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्या डोंगरावर सुमारे सतराशे वर्षे द्राक्षे पिकत आहेत. एवढ्या काळात खडक, उतार आणि नदीचे वळण जवळजवळ तसेच राहिले, पण गावाचे दैव मात्र अनेकदा पालटले. कोणता उतार सरस आणि कोणता कमी, हा क्रम निसर्गाने लावला. त्या उताराचे मोल किती, हे प्रत्येक पिढीत माणसांनी ठरवले.

आधी निसर्गाचे देणे नीट समजून घेऊ. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाचा चिखल पुढे पर्वतनिर्मितीच्या प्रचंड दाबाखाली सापडला आणि त्याचा स्लेट झाला. शाळेची जुनी पाटी ज्या दगडाची असे, तोच हा दगड. नंतर हा सारा प्रदेश हळूहळू उचलला गेला आणि मोझेल आपली नागमोडी वाट न सोडता खाली खाली कापत गेली. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा जास्त, म्हणून तिथे कडा उभा राहिला. आतल्या काठावर गाळ साचून सपाटी तयार झाली. पीसपोर्टचा डोंगर बाहेरच्या काठाचा आणि दक्षिणेकडे तोंड करून आहे. समोरच्या काठावरचे निडरएमेल, जे आज पीसपोर्टचाच भाग आहे, सपाटीवरचे आहे. हा फरक आकड्यांत मांडता येतो. पीसपोर्ट साधारण 50 अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे उशिरा पिकणारी द्राक्षे गोडी धरत असताना, तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर असतो. सपाट जमिनीवर ती किरणे तिरपी पडून पसरतात. 35 अंशांच्या दक्षिणमुखी उतारावर तीच किरणे काटकोनाच्या बरीच जवळ येतात. भूमितीने हिशेब केला, तर उताराच्या प्रत्येक चौरस मीटरला सपाटीच्या सुमारे पावणेदोन पट थेट ऊन मिळते. शिवाय गडद स्लेट दिवसा तापतो, रात्रीची जड, थंड हवा उतारावरून खाली ओघळून जाते आणि नदीचे पाणी तापमानाचे चढउतार सौम्य करते. द्राक्षाच्या उत्तर सीमेवर पीक येते की नाही, हे असल्या फरकांवरच ठरते.

इथे एक लोकप्रिय समजूत आडवी येते. वेलीची मुळे स्लेटमधली खनिजे शोषतात आणि म्हणून वाइनला ‘दगडाची चव’ येते, असे सांगितले जाते. अॅलेक्स मॉल्टमन या भूवैज्ञानिकाने या समजुतीची सविस्तर चिकित्सा केली आहे. मुळे शोषतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. वाइनमध्ये त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, बहुतेकांची चव जिभेला कळतही नाही आणि खडकाला तर स्वतःची अशी चवच नसते. म्हणजे दगड महत्त्वाचा नाही असे नव्हे. ऊब धरणे, पाण्याचा झटपट निचरा करणे, मुळांना खोल जायला लावणे ही त्याची कामे खरी आहेत. पण ही सगळी परिस्थिती घडवण्याची कामे आहेत. त्या परिस्थितीचा उपयोग कोण, कशासाठी करतो, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

1985 मध्ये शेतजमिनींच्या एकत्रीकरणाचे काम चालू असताना याच डोंगराच्या पायथ्याशी रोमन काळातला द्राक्षरसाचा कारखाना सापडला. चौथ्या शतकातले हे बांधकाम सुमारे 44 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद आहे. आल्प्सच्या उत्तरेला सापडलेल्यांत ते सर्वांत मोठे. वरच्या टाक्यांत घड पायांनी तुडवायचे, रस उताराने खालच्या टाक्यांत उतरायचा आणि उरलेला चोथा ओकच्या लांबलचक तुळईखाली दाबायचा, अशी ही रचना. तुळईच्या टोकाला लाकडी मळसूत्र आणि त्याला जड दगड लटकवलेला असे. एखाद्या कुटुंबाच्या गरजेला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. ती इथे का उभी राहिली, याचे उत्तर नदीच्या वरच्या अंगाला मिळते: चौथ्या शतकात ट्रिअर हे रोमन सम्राटांचे निवासस्थान होते. दरबार, सैन्य, अधिकारी अशी हक्काची बाजारपेठ जवळ होती आणि मालाची वाहतूक नदीतून होत होती. शेजारच्या नॉयमागेन गावात सापडलेल्या रोमन स्मारकावर वाइनची पिंपे वाहणारी होडीच कोरलेली आहे. ऊन त्याआधीही तसेच पडत होते. मागणी आली, तेव्हा त्या उन्हाला किंमत आली.

पुढचे मोठे वळण अठराव्या शतकात आले. उतारांवर अनेक जाती मिसळून लावलेल्या असत आणि भर असे तो भरपूर पीक देणाऱ्या जातींवर. 1763 च्या सुमारास पीसपोर्टचे धर्मगुरू योहानेस हाउ यांनी गावकऱ्यांना केवळ रीसलिंग ही जात लावायला राजी केले, अशी नोंद आहे. 1787 मध्ये ट्रिअरचा शासक क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस याने साऱ्या मुलखात हलक्या जाती काढून चांगल्या जाती लावण्याचा हुकूम दिला. रीसलिंग उशिरा पिकते, कडक थंडी सोसते आणि पिकल्यावरही आपली आंबट धार टिकवते. या डोंगराचे उशिरापर्यंत टिकणारे ऊन तिच्याच कामाचे होते. तरीही डोंगर आणि वेल यांची ही जोडी जुळायला माणसाचा निर्णय लागला.

यावर एक सबळ आक्षेप घेता येतो. 1868 मध्ये मोझेल आणि झार खोऱ्यांतल्या मळ्यांचा करआकारणीवर आधारलेला नकाशा निघाला. जास्त उत्पन्नाची जमीन त्यात गडद रंगात दाखवली आहे आणि तो गडद रंग नदीकाठच्या भरपूर ऊन मिळणाऱ्या उतारांवरच दिसतो. म्हणजे करखात्याच्या हिशेबातही मोल भूगोलाचेच ठरले, असे कुणी म्हणेल. पण हा नकाशा एका मळ्याची दुसऱ्याशी तुलना करतो. त्याने क्रम कळतो. सगळ्या खोऱ्याची एकूण कमाई कशी वरखाली झाली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी केवळ पाव शतक मागे जावे. 1834 च्या जर्मन सीमाशुल्क संघानंतर दक्षिणेकडची वाइन प्रशियाच्या बाजारात मोकळेपणाने येऊ लागली. भाव पडले आणि मोझेलचे बागाईतदार कर्जात बुडाले. ट्रिअरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्सने जानेवारी 1843 मध्ये ‘राइनिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात या हलाखीवर लिहिले. निसर्गाकडे किंवा शेतकऱ्यांकडे बोट दाखवून प्रशासनाला हात झटकता येणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हाही उतार हेच होते, वेलीही याच होत्या.

विसाव्या शतकात तर कायद्याने गावाचे नावच सैल केले. 1971 च्या जर्मन वाइन कायद्याने अनेक गावांचे मळे एका सामाईक नावाखाली आणले. ‘पीसपोर्टर मिशेल्सबर्ग’ हे त्यातलेच. त्यामुळे दुसऱ्या गावांतली, सपाटीवरची, म्युलर-थुर्गाउसारख्या लवकर पिकणाऱ्या जातीची वाइनही पीसपोर्टच्या नावाने विकता येऊ लागली. ग्राहकाला लेबलवर फरक कळेना आणि स्वस्त बाटलीने खऱ्या उताराची पतही खाली ओढली.

आज हवामान तापते आहे, रीसलिंगची काढणी पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागली आहे. मग पावणेदोन पट उन्हाची गरज काय, सपाटीवर यंत्राने शेती करावी, असा युक्तिवाद पुढे येतो. त्यात तथ्य आहे. पण डोंगर नुसत्या उन्हाचा साठा नाही. पाण्याचा निचरा आणि उंचीनुसार बदलणारी पिकण्याची वेळ हे पर्याय सपाटीकडे नाहीत, आणि अनिश्चित हवामानात पर्याय हाताशी असणे हीच मोठी शिदोरी आहे. धोका वेगळाच आहे. जुन्या पद्धतीत इथली प्रत्येक वेल एकेका खांबाला बांधतात आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाचा आकार करतात. खाली स्लेटचे तुकडे इतके सुटे की पाय ठरत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत बरेचसे काम हातानेच होते, त्यामुळे मजुरी सपाटीच्या कितीतरी पट पडते. मोझेल खोऱ्यातले द्राक्षक्षेत्र 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 12,000 हेक्टर होते. आता ते 9,000 च्याही खाली आले आहे. मळा सोडला की थोड्याच वर्षांत काटेरी झुडपे चढतात आणि बांध ढासळतात. स्लेट कोट्यवधी वर्षांपासून इथे आहे आणि तो कुठे जाणार नाही. त्यावरचा मळा मात्र वर्षावर्षाच्या छाटणीवर उभा आहे. म्हणून त्या हातांना पुरेसा मोबदला देणारा भाव आणि बाटलीवर खरे नाव, या दोन गोष्टी पीसपोर्टला मातीइतक्याच आवश्यक आहेत.