जुन्या चाली, नवे गळे: एका दशकातले माझे अल्बम

2010 ते 2019 या दहा वर्षांतल्या मराठी चित्रपटांचे जे अल्बम मी आजही पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकतो, तेवढेच या लेखात घेतले आहेत. गाजलेली गाणी वेगळी आणि सलग ऐकावेत असे अल्बम वेगळे. दशकाच्या सुरुवातीला दुकानात सीडी मिळत होत्या. मग गाणी मेमरी कार्डात भरून मिळू लागली आणि शेवटी सगळं मोबाइलवर आलं. या प्रवासात एकेकटं गाणं मोठं झालं आणि अल्बम मागे पडला. चित्रपटात एक गाणं वरातीसाठी, एक कॉलर ट्यूनसाठी, एक गणपतीसाठी, असं वाटप सुरू झालं. अशा काळात एका श्वासात बांधलेलं काम ज्यांनी केलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. अशी कामं पुन्हा पुन्हा ऐकताना एक गोष्ट मला पटत गेली. या दशकातले टिकाऊ अल्बम तमाशा, संगीत नाटक, ख्याल आणि शाहिरी यांच्या भक्कम पायावर उभे आहेत. जिथे हा पाया नुसता सजावटीपुरता वापरला, तिथे गाणं वर्षभरात विरून गेलं.

सुरुवात अर्थातच ‘नटरंग’पासून. 1 जानेवारी 2010 रोजी रवी जाधव यांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि दशकाच्या पहिल्याच दिवशी दशकाचा सूर लागला. कथा आनंद यादवांच्या कादंबरीची, गीतं गुरू ठाकूर यांची, संगीत अजय-अतुल यांचं. त्याआधी ‘जोगवा’चं संगीत या भावांनी दिलेलं होतं, त्यामुळे अपेक्षा होतीच. तरीही ‘नटरंग’ने जे केलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लावणी तोवर मराठी चित्रपटातून जवळजवळ हद्दपार झाली होती, आणि जिथे होती तिथे ती जुन्या लावण्यांची फिकट नक्कल होती. इथे ढोलकी पुन्हा घुमली, तीही अशी की शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकणारी पोरंही तिच्यावर थिरकली.

हा अल्बम सलग ऐकण्यात एक वेगळी गंमत आहे. तमाशाचा एक क्रम असतो: गण, गवळण, बतावणी, लावणी, वग. ‘नटरंग उभा’ ऐकताना फड उभा राहिल्यासारखा वाटतो. मथुरेच्या बाजाराची गवळण येते तेव्हा तमाशाच्या गवळणीतली मावशी आणि पेंद्या डोळ्यांसमोर येतात. मग ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ या दोन लावण्या. दोन्हींत आवाज बेला शेंडे यांचा, पण दोन्हींचा बाज निराळा. पहिलीत घरी परतायच्या घाईची लाडिक कुरकुर आहे, दुसरीत स्वतःच्या रूपाचा रुबाब. बेला शेंडे या कुसुम शेंडे यांची नात. घरात शास्त्रीय गाणं आणि संगीत नाटक दोन्ही होतं. ते संस्कार त्यांच्या हरकतींत ऐकू येतात. शब्दाच्या शेवटी आवाज कुठे सोडायचा आणि कुठे मुरडायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

आणि मग ‘खेळ मांडला’. चित्रपटाचा नायक गुणा कागलकर याच्या आयुष्याची धूळधाण झाल्यावर येणारं हे गाणं अजय गोगावले यांनी गायलं आहे. सुरुवातीला आवाज अगदी खाली, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा. मग तो एकेक पायरी चढतो आणि टिपेला जातो तेव्हा फाटेल की काय अशी भीती वाटते. तो फाटत नाही, पण त्या भीतीतच गाण्याची सगळी ताकद आहे. दुसऱ्या एखाद्या तयारीच्या गायकाने तो सूर अधिक गोल, अधिक सफाईदार लावला असता आणि गुणाचं दुःख तिथेच संपलं असतं. देवाला जाब विचारणाऱ्या माणसाचा आवाज असाच लागणार, हे ओळखणाऱ्या संगीतकारांना माझा दंडवत.

त्याच वर्षी मराठी भाषा दिनाला चित्रपटाबाहेरचं एक मोठं काम लोकांसमोर आलं. सुरेश भटांच्या कवितेला कौशल इनामदार यांनी चाल लावली आणि लोकांच्या वर्गणीतून, शंभराहून अधिक गायकांना घेऊन मराठी अभिमानगीत उभं केलं. ते एकच गाणं, त्यामुळे या यादीत बसत नाही; पण पुढच्याच वर्षी इनामदारांनी ‘बालगंधर्व’ केला, म्हणून त्याची आठवण काढली.

‘बालगंधर्व’ हे अवघड काम होतं. बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, पदं ज्यांच्या कानात मुरली आहेत अशी पिढी तेव्हा घरोघरी होती, आणि ज्यांनी ती कधी ऐकलीच नाहीत अशी दुसरी पिढी त्यांच्या शेजारी बसून चित्रपट बघणार होती. गायक आनंद भाटे यांनी या दोन्ही पिढ्यांना सांभाळलं. लहानपणी त्यांना लोक ‘आनंद गंधर्व’ म्हणत. पुढे पंडित भीमसेन जोशींकडे त्यांची तालीम झाली. ‘बालगंधर्व’मध्ये ते नारायणरावांची नक्कल करत नाहीत. ती लडिवाळ फेक, शब्दाला हळूच लोंबकळणारी ती लय त्यांनी पचवली आहे, पण सूर स्वतःचाच ठेवला आहे. 2011 सालचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. तो साथसंगतीचा थाट आजच्या स्टुडिओत जसाच्या तसा मिळणं शक्य नव्हतं, आणि इनामदारांनी त्याचा खोटा आव आणला नाही, हे मला फार आवडतं. ऑर्गनचा सूर ठेवला, बाकी मोकळीक घेतली.

आता ‘संहिता’. हे नाव घेतलं की संगीतप्रेमी मित्रसुद्धा विचारतात, हा कुठला? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटासाठी शैलेंद्र बर्वे यांना संगीत दिग्दर्शनाचा आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी ही अवस्था. एक राजा, त्याची राणी आणि दरबारातली गायिका यांची कथा पडद्यावर आणू पाहणाऱ्या दिग्दर्शिकेची ही गोष्ट. म्हणजे गाणं इथे कथेच्या पोटातलं आहे. गायिका गाते म्हणूनच राजा गुंततो. असं गाणं खरोखर पहिल्या प्रतीचं नसेल तर सगळा डोलारा कोसळेल. आरतीताई वसंतराव कुलकर्णी, किशोरीताई आमोणकर आणि दिनकर कैकिणी यांच्याकडे शिकल्या आणि आयुष्यभर ख्याल गायल्या. याआधी ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठीही त्यांना हाच पुरस्कार मिळाला होता. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या कलावंताला चित्रपटातल्या चार-पाच मिनिटांत बसवताना एरवी त्याची तयारी तेवढी दिसते, विचार दिसत नाही. बर्वे यांनी चाली अशा बांधल्या आहेत की त्यांत श्वास घ्यायला जागा आहे. ‘पलकें ना मूँदों’मध्ये वाद्यं बाजूला सरकतात आणि आवाज एकटा उभा राहतो, त्या क्षणांसाठी मी हा अल्बम रात्री उशिरा लावतो. माझ्या यादीत तो सगळ्यांत वर आहे. ‘नटरंग’च्याही वर.

दशकाच्या मध्यावर कॉलेजच्या वयाची लाट आली. ‘दुनियादारी’, ‘टाईमपास’ आणि त्यांच्या मागोमाग बरेच. ‘टिक टिक वाजते’ तरुणांनी डोक्यावर घेतलं, आदर्श शिंदे यांचा खणखणीत आवाज ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’मुळे घराघरात पोचला, आणि मराठी गाणं मॉलमध्ये वाजू लागलं. हे सगळं चांगलंच झालं. पण यांतला एकही अल्बम मी सलग ऐकू शकत नाही. दोन गाण्यांवर अख्खा अल्बम तोललेला आहे.

नोव्हेंबर 2015 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक 1967 सालचं, म्हणजे ज्या वर्षी बालगंधर्व गेले त्याच वर्षीचं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांनी रंगमंचावर उभे केलेले खाँसाहेब. या जोडीला हात लावायला धैर्य लागतं. दिग्दर्शक सुबोध भावे आणि शंकर-एहसान-लॉय यांनी जुनी पदं ठेवली आणि त्यांच्या शेजारी नवी बसवली. खाँसाहेबांच्या गाण्यासाठी राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्या गाण्यासाठी महेश काळे, म्हणजे अभिषेकीबुवांचे शिष्य. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींच्या भूमिकेत आणि गाण्यात स्वतः शंकर महादेवन. इतकी अचूक निवड क्वचित होते.

‘घेई छंद मकरंद’ हे पद या अल्बमचा गाभा आहे. शब्द तेच, पण पंडितजींचं सालगवराळीत, ठाय लयीत, फुलात उतरणाऱ्या भुंग्याच्या सावकाश गतीने. खाँसाहेबांचं धानीत, झपाट्याने, तानांचा पाऊस पाडत. दोन घराण्यांमधला वाद काय असतो हे भाषणाने सांगता येत नाही, ते अभिषेकींनी एका पदात करून ठेवलं. अल्बममध्ये दोन्ही ऐकताना मला दर वेळी खाँसाहेबांची बाजू घ्यावीशी वाटते आणि पंडितजींची चाल मात्र दिवसभर गुणगुणली जाते. नव्या गाण्यांत ‘दिल की तपिश’ हे कीरवाणीतलं गाणं राहुल देशपांड्यांनी अशा आर्ततेने गायलं आहे की जुन्या पदांच्या रांगेत ते उपरं वाटत नाही. ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अरिजित सिंहच्या आवाजातली कव्वाली गाजली, मला ती तितकी भिडत नाही. आणि नाटकात वन्स मोअर घेत रंगणारी पदं इथे काही मिनिटांत आवरती घेतली आहेत, याची चुटपुट कायम लागते. पण या अल्बमनंतर विशीतली मुलं नाट्यसंगीताच्या मैफलींना तिकीट काढून येऊ लागली, हे मी पुण्यातल्या सभागृहांत पाहिलं आहे.

29 एप्रिल 2016 रोजी ‘सैराट’ आला. चारच गाणी. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांचा मोठा ताफा घेऊन ती ध्वनिमुद्रित केली. करमाळ्याच्या विहिरीत उड्या मारणाऱ्या पोराच्या प्रेमाला सिंफनीची साथ कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. माझं उत्तर असं की त्या पोराला त्याचं प्रेम तेवढंच मोठं वाटतं. ‘याड लागलं’मधली व्हायोलिनं त्या पोराच्या, म्हणजे नायक परश्याच्या छातीतली आहेत. शब्द मात्र अस्सल सोलापूरकडच्या बोलीतले, आणि ही बोली इतक्या मोठ्या वाद्यमेळात ताठ मानेने उभी राहते, हे मला या अल्बमचं सगळ्यांत मोठं काम वाटतं. ‘सैराट झालं जी’मध्ये चिन्मयीचा आवाज येतो तिथे गाणं एकदम हलकं होतं, पाय जमिनीवरून सुटल्यासारखं. ‘झिंगाट’ बँजो पार्टीच्या अंगाचं. ते वरातींनी आणि मिरवणुकांनी इतकं वाजवलं की त्यातली कारागिरी ऐकायची राहून गेली. ते एकदा हेडफोन लावून ऐकावं. तालाच्या खाली किती थर आहेत ते कळतं.

‘कोर्ट’मध्ये पूर्ण अल्बम म्हणावा इतकी गाणी नाहीत, तरी तो मी सोडू शकत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर एका गाण्यावरून खटला भरला जातो. भूमिका वीरा साथीदार यांची, संगीत संभाजी भगत यांचं. कॅमेरा लांब, हलत नाही. मंचावर शाहीर, मागे झील धरणारे साथीदार, ढोलकी आणि डफ. आवाजाला मुलामा नाही, पार्श्वसंगीताचा आधार नाही. पोवाडा आणि आंबेडकरी जलसा यांची परंपरा अजून धारदार आहे हे त्या दोन-तीन प्रसंगांत कळतं. ज्या गाण्यामुळे माणसाला कोठडीत टाकावंसं वाटतं, ते गाणं तितकं जळजळीत असायलाच हवं होतं, आणि ते आहे.

यादीतलं शेवटचं नाव 2017 च्या ‘नाळ’चं. ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांच्या ‘जाऊ दे न व’मध्ये विदर्भातल्या एका पोराचा आईकडे चाललेला हट्ट आहे, आणि जयस कुमार या मुलाने तो गायलाही हट्टानेच. सूर कुठे कुठे घसरतात, तसेच ठेवले आहेत. दशकभर इतके तयार गळे ऐकल्यावर हा कोवळा आवाज यादीत कसा, असं काही जण विचारतात. मी त्यांना आधी ‘खेळ मांडला’ लावून देतो आणि लगेच त्याच्यामागून हे.