पाऱ्याविना अतिनील

घरच्या वॉटर प्युरिफायरमधल्या 'यूव्ही' नळीत बहुधा किंचित पारा असतो. त्याच्या वाफेतून वीज गेली की २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. जंतूंच्या डीएनएतले शेजारशेजारचे थायमिनचे रेणू ते एकमेकांना जखडून टाकतात आणि जंतूंची वाढच खुंटते. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही इथे हात टेकतो. नळीतली निळसर चमक मात्र निव्वळ शोभेची. अतिनील डोळ्यांना दिसतच नाही.

हेच किरण आता एलईडीही देतो. त्यात पाऱ्याची जागा ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा इवलासा स्फटिक घेतो. स्फटिकात ॲल्युमिनियम वाढवले की तरंगलांबी घटते, त्यामुळे २६५ ते २८० नॅनोमीटरचे जंतुनाशक किरण मिळवता येतात. पाऱ्याची नळी तापायला वेळ घेते. एलईडी नळ सोडताच पूर्ण ताकदीने लागतो, नळ बंद केला की विझतो. फुटला तरी पारा सांडण्याची धास्ती नाही. २०१७ पासून लागू असलेल्या मिनामाता करारामुळे जगभर पाऱ्याचा वापर आवळला जात असताना ही जमेची बाजू.

घोडे अडते ते विजेपाशी. चांगली पाऱ्याची नळी सुमारे एक तृतीयांश विजेचे जंतुनाशक किरण करते. बाजारातल्या बहुतेक अतिनील एलईडींना १० टक्केही जड जातात. उरलेल्या विजेची उष्णता होते आणि ती काढून टाकली नाही तर एलईडी लवकर निकामी होतो. त्यामुळे घरगुती यंत्रांत एलईडी रुळतोय, पण मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत अजून पाऱ्याचीच चलती आहे. गढूळ पाण्यापुढे दोघांचेही काही चालत नाही. आधी गाळणी हवीच.